बशीकडे जाणारा हात

आईच्या घरी काचेच्या कपाटात माझा एक कप सात वर्षं बसून आहे. स्वतःच्या भट्टीतून पहिल्यांदा बाहेर आलेल्या सेटमधला. राखाडी-निळी झिलई, बाहेरून किंचित खरबरीत, आतून गुळगुळीत, आणि कान असा की दोन बोटं सहज आत जावीत. आई तो आल्यागेल्याला दाखवते. स्वतःचा चहा मात्र कान तुटलेल्या जुन्या कपातून बशीत ओतून पिते. इतकी वर्षं मला वाटायचं, लेकीची वस्तू म्हणून जपते. गेल्या दिवाळीत मी हट्टच धरला, "अगं, वापर ना तो. फुटला तर दुसरा करीन." तिने कप काढला, बोटं कानात घालून पाहिली आणि काही न बोलता खाली ठेवला. संधिवाताने तिची दोन बोटं पेरांपाशी सुजून वाकली आहेत. ती दोन्ही मिळून त्या कानात शिरतच नव्हती.

"छान आहे गं," ती म्हणाली, "पण माझ्या हाताचा नाही."

धायरीला माझा लहानसा स्टुडिओ आहे. रोज वापरायची भांडी करते मी. कप, ताटल्या, वाट्या, दही लावायची सटं. प्रदर्शनात मांडायची शिल्पं नव्हेत, घासून घासून ज्यांची झिलई उतरावी अशी भांडी. त्यामुळे आईचं ते वाक्य मनाला लागलं. आणि त्याच महिन्यात पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमाचं काम आलं. साठ माणसांसाठी कपबश्या. स्टीलचा पेला हाताला चटका देतो, प्लास्टिक नको, आणि चिनीमातीचं भांडं घरच्यासारखं वाटतं, असं तिथल्या ताई म्हणाल्या. मी कागद ओढून रेघा मारायला लागले आणि थांबले. साठ हात, आणि त्यांतला एकही मला माहीत नव्हता.

आमच्या कामात चूक फार उशिरा कळते. स्टोनवेअरची, म्हणजे चढ्या आचेवर दगडासारखी कडक होणारी, माती वाळताना आणि भाजताना आकसते. माझी माती साधारण बारा टक्के आकसते. म्हणजे शेवटी ९० मिलिमीटर व्यासाचा कप हवा असेल तर ओला असताना तो १०२ चा लागतो. एकसारखे साठ कप हवेत तर आधी मूळ नमुना, त्यावरून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा, तो साचा कोरडा होईपर्यंत थांबणं. मग त्यात पातळ केलेली माती, जिला आम्ही स्लिप म्हणतो, ती ओतायची. प्लॅस्टर पाणी शोषतं, भिंतीवर मातीचा थर धरतो, उरलेली स्लिप उलटी करून काढायची. वाळवण, हजार अंशांच्या आसपास बिस्क, म्हणजे झिलईआधीची पहिली भाजणी, मग झिलई, आणि मग १२२० अंशांना दुसरी भाजणी. एक नमुना हातात यायला तीन आठवडे जातात. तोवर करणाऱ्याचं मन त्या आकारावर बसलेलं असतं. मग आपण कुणाच्या तरी हातात तो कप देतो आणि विचारतो, "कसा वाटतो?" आपल्याकडची माणसं भिडस्त. ती म्हणतात, "छान."

ह्यूमन-सेंटर्ड डिझाइन हा शब्द मी शिकताना पाठ केला होता. त्याचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ९२४१-२१०, २०१० साली आलेलं आणि २०१९ साली सुधारलेलं. त्याचा गाभा साधा आहे. वापरणाऱ्याला पहिल्यापासून सोबत घ्या, करा, दाखवा, पुन्हा करा. संगणकाच्या पडद्यावर पुन्हा करणं म्हणजे दोन क्लिक. मातीत पुन्हा करणं म्हणजे आणखी तीन आठवडे, नवा साचा आणि गॅसचं बिल. त्यामुळे आम्ही मातीवाले विचारतो कमी आणि गृहीत जास्त धरतो.

माझी सहकारी सव्वीस वर्षांची आहे, प्रॉडक्ट डिझाइन शिकलेली. व्हर्च्युअल रिअॅलिटीचा हेडसेट तिनेच आणला. पहिल्या दिवशी मी तो डोक्याला लावला तेव्हा समोर माझाच कप तरंगत होता. मी त्याच्याभोवती फिरले, वाकून बूड पाहिलं, झिलईवर खिडकीचा उजेड पडलेला पाहिला. १९६८ साली आयव्हन सदरलँड या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने डोक्याला लावायचं असं पहिलं यंत्र केलं तेव्हा त्यात नुसत्या रेघांच्या आकृत्या दिसायच्या आणि ते सगळं प्रकरण छताला टांगावं लागायचं. आता झिलईतला सुईच्या टोकाएवढा डागसुद्धा दिसतो. मी हात पुढे केला, बोटं मिटली, आणि मूठ रिकामीच बंद झाली. वीस वर्षं मातीत घातलेल्या हाताला तो रिकामेपणा सहन होईना. मी हेडसेट काढून ठेवला आणि म्हटलं, "हे आपल्या कामाचं नाही."

तिने वाद घातला नाही. आठवड्याने ती थ्रीडी प्रिंटरवर काढलेला प्लास्टिकचा कप घेऊन आली. त्याच्या बुडाशी तिने एक छोटा ट्रॅकर बसवला होता. खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसवलेल्या बेस स्टेशनमुळे तो कप कुठे आहे आणि किती कललाय, हे संगणकाला कळत होतं. प्लास्टिकचं आणि ट्रॅकरचं वजन धरून उरलेल्या वजनाची वाळू तिने कपात भरली होती. एकूण भार बरोबर माझ्या कपाएवढा, २४० ग्रॅम. डोळ्यांना माझा निळा कप दिसत होता आणि हातात खरोखरच काहीतरी होतं. आता बोटं मिटली तेव्हा ती कशावर तरी टेकली. मी बराच वेळ तो नुसता धरून बसले.

मग तिने गंमत म्हणून डोळ्यांना दिसणारा कप थोडा मोठा केला. हातातला तोच होता. मी म्हटलं, "हा हलका केलास का?" तिने दिसणारा कप लहान केला, आणि हाताला तो जड वाटायला लागला. वाळूचा कणही कमी-जास्त झाला नव्हता. यामागे जुनं शास्त्र आहे. सारख्याच वजनाच्या दोन वस्तूंमधली मोठी दिसणारी वस्तू माणसाला हलकी वाटते. ऑगस्टिन शार्पांतिए या फ्रेंच डॉक्टराने १८९१ साली हे नोंदवलं. डोळा आणि हात वेगवेगळं सांगू लागले तर माणूस बहुधा डोळ्यावर विश्वास ठेवतो, हे १९६४ साली रॉक आणि व्हिक्टर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवलं. त्यांनी लोकांच्या हातात चौरस दिला आणि भिंगातून तो अरुंद दिसेल असं केलं. लोकांना हातानेही तो अरुंदच लागला. मला हे कागदावर कुणी सांगितलं असतं तर मान डोलावून विसरले असते. स्वतःच्या मनगटाला कळल्यावर मात्र झोप लागेना. मी आजवर कप जड झाला की भिंत पातळ करत आले होते. काठ जरा फाकवला असता तरी हाताला आराम वाटला असता का? खरं वजन तेवढंच राहतं, हेही तितकंच खरं. दुखऱ्या मनगटाला दिसण्याने फसवायचं नाही, एवढं मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं.

आश्रमात आम्ही जेवणघराच्या कोपऱ्यात एक टेबल मागून घेतलं. हेडसेटचं वजन अर्धा किलोच्या आसपास असतं, म्हणून एका वेळी पाच मिनिटं, तीही बसूनच. चष्म्यावर तो बसवायला वेळ लागायचा. अंबाडा असला की मागचा पट्टा सरकायचा, मग माझी सहकारी हळुवार हाताने तो खाली-वर करून द्यायची. पहिल्या आजींना आत गेल्यावर समुद्र आणि डोंगर दिसले, कारण यंत्र सुरू होताना तेच दाखवतं. त्या कपाचं विसरून गेल्या. "रत्नागिरीसारखं आहे," म्हणाल्या, आणि गप्प बसून पाहत राहिल्या. आम्हीही गप्प बसलो. दुपारी आम्ही तो समुद्र काढून टाकला आणि एक साधी खोली केली. आतलं लाकडी टेबल बाहेरच्या खऱ्या टेबलाच्या उंचीशी मिलिमीटरपर्यंत जुळवून घेतलं, म्हणजे डोळ्यांना टेबल दिसेल तिथेच कोपर टेकेल. हे जुळलं आणि माणसांचे खांदे खाली आले. तोवर सगळे अंग चोरून बसत होते, ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

सोलापूरच्या एका आजींनी हेडसेट लावायच्या आधी मला सरळ विचारलं, "परीक्षा घेताय का आमची?"

मला गोरोबाकाकांची गोष्ट आठवली. तेरला संतमंडळी जमली होती आणि मुक्ताबाईने त्यांना विचारलं, हे थापटणं कशासाठी? काका म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते पाहायला. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. बाकीचे निमूट बसले, नामदेव तेवढे रागावले. लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना मला नामदेवांचा राग समजायचा. मडक्यासारखं आपल्याला कुणी वाजवून का पाहावं? मी आजींना म्हटलं, "नाही आजी. परीक्षा कपाची आहे. तुम्ही थापटणं मारायचं." त्या हसल्या आणि हेडसेट लावू दिला.

या सगळ्या खटाटोपाऐवजी दहा प्लास्टिकचे कप काढून हातात देता आले नसते का, असं मला एका कुंभारमित्राने विचारलं. देता आले असते. पण मग प्रत्येकाने प्लास्टिकचा कप पाहिला असता आणि प्लास्टिकच्या कपासारखा धरला असता. माणूस वस्तूला जी समजतो तसा तिला धरतो. नाजूक दिसली की बोटं जपतात, दणकट दिसली की पंजा पडतो. आणि दुसरी गोष्ट, जी मला पुढे सगळ्यात मोलाची वाटली, ती म्हणजे हाताचा सगळा प्रवास नोंदला जात होता. कप उचलायला सांगितल्यावर हात पहिल्यांदा कुठे निघाला, कुठे अडखळला, मग कुठे वळला. संध्याकाळी स्टुडिओत आम्ही ते पुन्हा पुन्हा पाहायचो. अंधारात नुसता एक हात आणि एक कप. तोंडाने सगळ्यांनी "छान" म्हटलं होतं. हाताला भीड नसते.

बहुतेकांचा हात कानाकडे निघालाच नव्हता. तो निघायचा काठाकडे आणि बुडाकडे, जसा आपण स्टीलचा पेला किंवा कटिंगचा ग्लास धरतो तसा. निम्म्या वाटेवर त्यांना कान दिसायचा, शिष्टाचार आठवायचा, आणि मग हात कानाकडे वळायचा. एक आजोबा, आयुष्यभर पोस्टात शिक्के मारलेले, सारखे बुडाशी चाचपत होते. "खाली काहीतरी अडतंय," ते म्हणाले. अडत होता आमचा ट्रॅकर. आम्ही तो बुडाशी लावला होता, कारण कप बुडाशी कुणी धरत नाही असं आम्ही दोघींनी न बोलता ठरवूनच टाकलं होतं. त्या रात्री तो काढून कपाच्या तोंडाशी बसवला.

कानाचं गणितही मला तेव्हा नव्याने कळलं. भरलेला कप चारशे ग्रॅमच्या घरात जातो. त्याचा भार कपाच्या मध्यावर, आणि आपण धरतो पाच-सहा सेंटिमीटर लांबून, दोन बोटांच्या चिमटीत. बोटं कपापासून जितकी दूर तितका पीळ जास्त. तरुण हाताला तो कळतही नाही. वाकलेल्या पेरांना तो प्रत्येक घोटाला कळतो. १९९७ साली एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने छापलेली भारतीय शरीरमापांची कोष्टकं माझ्या कपाटात आहेत. त्यांत तळहाताची लांबी-रुंदी मिळते. माझ्या आईचं बोट किती वाकलंय, ते कुठल्या कोष्टकात मिळणार?

दुसऱ्या दिवशी तेच आजोबा पुन्हा आले. या खेपेला त्यांनी कप नीट धरला, उचलला, आणि डावा हात पुढे केला. त्यांचा हात बशीतून आरपार गेला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा आरपार.

"ताई, ही बशी उचलता येत नाही का?"

आम्ही बशी चित्रासारखी ठेवली होती. शोभेला. तिच्याखाली ना प्लास्टिक, ना ट्रॅकर, ना वाळू. मला शिकवलं होतं की बशी म्हणजे सांडलेलं झेलणारी ताटली. बशीतून फुर्र करून पिणं हे गावंढळपणाचं, असं एकदा वर्गात सगळ्यांसमोर हसत हसत सांगितलं गेलं होतं, आणि मीही तेव्हा हसले होते. घरी आजोबा तसेच प्यायचे. आई अजून तशीच पिते. बशीत चहा पसरतो म्हणून लवकर निवतो. बशीला कान नाही, तिला दोन्ही हातांनी धरता येतं, भार दोन मनगटांत वाटला जातो, बोटं वाकवावी लागत नाहीत, आणि हात थरथरत असला तरी दोन हात एकमेकांना सावरतात. ज्यांच्या हातांसाठी मी कपाचे कान मोठे-लहान करत बसले होते, त्यांनी उत्तर कधीच शोधून ठेवलं होतं. मी त्याच्याकडे चित्र म्हणून पाहत होते.

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं १९५८ साली भारतात हिंडलं आणि त्यांनी सरकारला अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये तांब्याला, लोट्याला, सर्वांत वरचं स्थान दिलं आहे. तो रिकामा असताना तोल कसा, भरल्यावर कसा, ओतताना पाणी कसं येतं, कमरेवर कसा बसतो, तळहाताला कसा लागतो, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो, असे प्रश्न त्यांनी मांडले. लोटा कुणा एका माणसाने घडवला नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी घडवला, हे त्यांचं म्हणणं. हे मी विद्यार्थ्यांना कितीदा सांगितलं आहे. बशीबद्दल यातला एकही प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग काम बशीचं सुरू झालं. बशी टेबलावरून उचलणं हीच पहिली अडचण. बाजारातल्या बशीचा काठ टेबलाला इतका टेकलेला असतो की ताठर बोटं त्याखाली जात नाहीत, ती कडेपर्यंत ओढत आणावी लागते. प्रिंट केलेली एकच बशी, खाली बसवायला वेगवेगळ्या उंचीच्या चकत्या, आणि डोळ्यांपुढे झिलई लावलेली पुरी बशी. १४, १८, २२ आणि २६ मिलिमीटर. २२ ला बोटं न घासता खाली जाऊ लागली. २६ ला तीच बशी भरली तर सांडेल अशी भीती लोकांच्या खांद्यात दिसायला लागली. हे चार साचे मातीत केले असते तर पाऊस येऊन गेला असता. इथे ते दोन दुपारींत झालं.

पण या यंत्राच्या बाहेर राहिलेल्या गोष्टी मला रोज दिसत होत्या. कप ओठांपर्यंत नेला की तो हेडसेटवर आपटतो. कपाच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण, काठ ओठाला लागण्याचा, आतल्या जगात घडतच नाही. बोटं कपाआड गेली की कॅमेऱ्याला दिसत नाहीत, मग संगणक अंदाजाने बोटं काढतो, आणि सुजलेल्या पेरांच्या जागी सरळ, निरोगी बोटं दाखवतो. ते पाहून एका आजींनी विचारलं, "हा माझाच हात का?" आणि बराच वेळ तो उलटसुलट करून पाहिला. त्या क्षणी मी कपाकडे पाहिलं नाही. जवळची वस्तू फार वेळ पाहिली की डोळे शिणतात, कारण दोन्ही डोळे वळतात कपावर आणि भिंगं नजर लावायला सांगतात त्याहून लांब. आणि माती भट्टीत काय करते, हे तर त्याला ठाऊकच नाही.

ते मला पहिल्या घाण्याने शिकवलं. बावीस मिलिमीटरवर उचललेला रुंद काठ १२२० अंशांना मऊ पडला आणि बसला. भट्टी उघडली तेव्हा बारापैकी एकही बशी सपाट टेकत नव्हती, काठ कुठे अठरावर, कुठे त्याहून खाली. बुडाची कडी बाहेर नेली असती तर काठाला आधार मिळाला असता, पण बोटांची जागा गेली असती. शेवटी भिंत जरा उभी केली आणि काठ आत न चिमटता गोल, जाड वळवला. अंगठ्यांना तो जास्त आवडला. तिसऱ्या घाण्यात बशा उभ्या राहिल्या. आत अर्धा कप चहा, बाहेर पडताना एका बाजूला किंचित ओघळी, ओठांसाठी.

आश्रमाच्या साठ बश्या ओतायच्या होत्या. त्याआधी मी दोन घेऊन आईकडे गेले. तिने नेहमीसारखा आल्याचा चहा केला, कान तुटलेल्या कपात गाळला, नव्या बशीत ओतला. बोटं काठाखाली गेली. बशी उचलली गेली, ओढावी लागली नाही. दोन्ही अंगठे त्या जाड काठावर बसले आणि चहाचा पृष्ठभाग हलला नाही. तिने एक घोट घेतला, मग दुसरा. मी श्वास रोखून तिच्या हातांकडे पाहत होते.

तिसऱ्या घोटाला तिने बशी खाली ठेवली आणि बोटं पदराला पुसली.

"खाली गरम लागतंय गं."

"कुठे?"

"अशी पकड," ती म्हणाली, आणि माझा हात धरून माझी बोटं तिने बशीच्या बुडाशी नेली.